एका वेलांटीचा फरक

पैसे निघाले आहेत, एवढंच धाकट्याने कळवलं होतं, आणि त्या एका वाक्यावर सगळं घर सकाळपासून जीव टांगून बसलं होतं.

वरच्या खोलीची फरशी नेहमीसारखी कोमट होती, कारण खाली लॉन्ड्रीतला बॉयलर पहाटेच पेटला होता. तो मधल्या बहिणीने पेटवला होता. वडील अंथरुणाला खिळल्यापासून तो दुसऱ्या कोणाला दादच देत नव्हता. थोरल्याने एकदा हौसेने हात लावून पाहिला, तेव्हा गल्लीभर धूर झाला आणि हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींना राखेचा रंग चढला. त्यानंतर थोरला खाली फक्त गल्ला बघायला उतरायचा. आई मात्र बॉयलरवर खूश असे. फरशीवर अनवाणी पाय टेकवून बसली की तिचे गुडघे म्हणे निम्मे दुखायचे.

आजचा दिवस सरला की या फरशीचं काय होणार ते ठरणार होतं. घरमालकाने इमारत विकायला काढली होती. भाडेकरू म्हणून पहिला हक्क यांचा, पण मुदत आज बँक बंद होईपर्यंतच. त्यानंतर तो मोटारींचं शोरूम काढायला निघालेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हो म्हणायला मोकळा होता. तीन भावंडांनी तीन वाटे घालायचे ठरले होते. थोरल्याचा आणि मधलीचा वाटा दुकानाच्या खात्यात जमा होऊन पडला होता. धाकट्याचा परदेशातून यायचा होता, आणि येत नव्हता.

"मला विचाराल तर त्यांनी पाठवलेलेच नाहीत," वहिनी म्हणाली. थोरल्याची बायको स्पष्टवक्ती होती, निदान दुसऱ्यांच्या बाबतीत तरी. "निघाले म्हणे! चालत येतायत का?"

"पाठवलेत गं. तो तसा नाही," आई म्हणाली. आईचा धाकटा कधीच कसाही नसायचा.

"वहिनी, पैसे कुठून निघत नाहीत आणि कुठे पोचत नाहीत," मधली म्हणाली. सकाळपासून ती हेच समजावत होती, आणि आता तिचा आवाज चढायला लागला होता. "त्याची बँक इकडच्या बँकेला फक्त निरोप धाडते. अमक्याच्या खात्यात एवढे टाका, आपला हिशेब आपण मागाहून करू. पण या दोन बँकांची एकमेकींशी ओळख नसेल, तर मध्ये तिसरी लागते, दोघींच्या ओळखीची. निरोप तिच्याकडून येतो. ती आपली दलाली कापून घेते, आणि काही खटकलं की निरोप अडवून ठेवते."

"म्हणजे तुमच्यासारखंच की," वहिनी हसली. "तुम्ही दोघं बहीणभाऊ बोलत नाही, आणि मध्ये आमचे हे."

थोरला खिडकीतून खाली बघत होता. तो हसला नाही. मधलीला तेव्हा वाटलं, दलालीचा शब्द त्याला लागला. तो का लागला, हे कळायला दुपार व्हायची होती.

मधली आणि धाकटा बोलत नव्हते हे खरंच होतं. वडील गेले त्या महिन्यातलं ते भांडण. त्यामुळे पैसे कसे पाठवायचे हे तिने कागदावर लिहून थोरल्याकडे दिलं होतं आणि थोरल्याने ते धाकट्याला फोनवर धाडलं होतं. तिने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. खाते क्रमांक, शाखेचा आणि बँकेचा परदेशी व्यवहारांचा कोड, खात्याचं नाव जसंच्या तसं. दुपारच्या आत बँकेत जा, नाहीतर निरोप दुसऱ्या दिवसावर जातो. शनिवार-रविवार तोंडावर असताना पाठवू नको. तुमची सुट्टी आणि आमची सुट्टी वेगळी असते, दोन्ही बघ. सगळे खर्च तुझ्या बाजूला घे, नाहीतर वाटेत कापले जाऊन आकडा तोकडा पडेल. पैसे कशासाठी ते स्पष्ट लिही. आणि व्यवहाराचा क्रमांक मागून घे, म्हणजे अडलेच तर कुठे अडले ते शोधता येतं. हॉटेलच्या परदेशी कंपनीकडून चादरींची बिलं वसूल करता करता ती हे सगळं शिकली होती, आणि शिकताना बरेच चटके बसले होते.

बँकेतून फोन आला तेव्हा ती खाली चादरींच्या रोलरपाशी उभी होती. परदेशी व्यवहारांच्या टेबलावरची बाई एवढंच म्हणाली, "जरा येऊन जा. तुमचा निरोप आलाय, पण अडलाय."

मधली तशीच निघाली, बाह्या दुमडलेल्या, हाताला साबणाचा वास.

त्या बाईच्या टेबलावर एक चिमुकला पंखा होता आणि तो फक्त तिच्यावरच वारा सोडत असे. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "रक्कम पूर्ण आहे. कोड बरोबर, क्रमांक बरोबर. नाव जुळत नाही."

"असं कसं? मी स्वतः लिहून दिलंय."

"तुमचं खातं कोणाचं? 'इस्त्रीवाले आणि मुलगी'. बरोबर? आणि पैसे आलेत 'इस्त्रीवाले आणि मुलगे' यांच्यासाठी."

मधलीने वाकून बाईच्या समोरचा कागद वाचला.

"एका वेलांटीचा फरक आहे, मला दिसतंय," बाई म्हणाली. "तुमच्या दृष्टीने एकच दुकान. पण आमच्या लेखी ही दोन वेगळी माणसं आहेत. मधल्या बँकेनेच खूण करून पाठवलंय. मी आपल्या मनाने जमा करू शकत नाही."

इस्त्रीवाले हे वडिलांचं नाव नव्हतं, पण सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं, आणि शेवटी त्यांनी तेच पाटीवर रंगवून घेतलं. 'इस्त्रीवाले आणि मुलगे'. तेव्हा मधली शाळेत होती. पाटी चढवताना शिडी तिने धरली होती. मुलगे पुढे आपापल्या वाटेने गेले, एक विमा कंपनीत आणि एक समुद्रापलीकडे, आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. शेवटच्या आजारपणात वडील एक दिवस रिक्षा करून तिच्याबरोबर याच बँकेत आले, याच खुर्चीत बसले, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी मात्रा खोडून वेलांटी दिली. का, ते बोलले नाहीत. बोलायची त्यांना सवयच नव्हती. पुढे मुलग्यांना ते कळलं तेव्हा धाकटा फोनवर म्हणाला होता, "मरणाऱ्या माणसाकडून काहीही लिहून घेता येतं." त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. पाटी तेवढी आईने बदलू दिली नाही. लोकांना कशाला तमाशा, म्हणाली.

"आता काय करता येईल?" मधलीने विचारलं.

"दोन रस्ते आहेत. सरळ रस्ता म्हणजे तुमच्या भावाने त्याच्या बँकेत जाऊन दुरुस्तीचा निरोप पाठवायचा. मुलगेच्या जागी मुलगी वाचावं, बस. तिकडे आत्ता सकाळ आहे. लगेच गेला तर आमचं बंद व्हायच्या आत येईल."

"आणि दुसरा?"

बाईने पंखा बंद केला. "नाव बदलल्याला अजून वर्ष झालेलं नाही. तुम्ही खातेदार आहात. तुमच्या एका अर्जावर जुनं नाव परत लागतं. मग नाव जुळतं, पैसे जमा. पण जुन्या नावाबरोबर भागीदारीचा जुना करारही जसाच्या तसा परत येतो. त्यात भागीदार तुमचे दोघे भाऊ आहेत. तुम्ही नाही."

*

वरच्या खोलीत ती आली तेव्हा थोरला, वहिनी आणि आई तिघंही तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने बसून घेतलं नाही.

"दादा, मी लिहून दिलं ते तू जसंच्या तसं पाठवलंस?"

"म्हणजे काय? तसंच पाठवलं."

"नावसुद्धा?"

थोरल्याने बायकोकडे बघितलं, आणि मधलीला उत्तर मिळालं.

"मला वाटलं तुझ्या हातून चुकून पडली वेलांटी," थोरला म्हणाला. "घाईत लिहिलं होतंस. मी आपलं शुद्धलेखन सुधारलं."

"शुद्धलेखन!"

"अगं, पाटीवर काय आहे? सगळी दुनिया काय म्हणते?"

"दादा, नाव बदललं म्हणून तूच दोन दिवस जेवला नव्हतास. आणि आता विसरलास?"

"बरं, नाही विसरलो," थोरल्याचा आवाज एकदम वर गेला. "लिहिताना हात धजेना, झालं? आपल्याच बापाच्या दुकानातून आपणच आपल्याला पुसायचं, तेही आपल्याच बोटांनी! मला काय माहीत बँक एवढा कीस काढेल?"

"ओरडू नका," वहिनी म्हणाली, पण तिला ओरडणं आवडलं होतं. "तुमच्यापेक्षा चूक भाऊजींची. त्यांनी विचारायला नको?"

थोरल्याने धाकट्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून टेबलावर टाकला. पलीकडे धाकटा कपात चमचा ढवळत होता. थोरल्याने सांगितलं, जरा आडवळणाने. चमचा थांबला.

"ताई आहे तिथे?"

"आहे," मधली म्हणाली. त्या भांडणानंतरचा तिचा त्याच्याशी पहिला शब्द तो होता. "तुझ्या बँकेत जा. एक शब्द दुरुस्त करायचाय. क्रमांक आहे ना तुझ्याकडे? तो सांगितलास की अर्ध्या तासाचं काम आहे."

"ताई, मी नाही जाणार."

आई खुर्चीत पुढे सरकली. "अरे, असं काय बोलतोस?"

"आई, तू थांब जरा. ताई, मला माहीत होतं खात्याचं नाव काय आहे ते. दादाने मुलगे लिहून पाठवलं, म्हटलं बरं झालं, बघू बँक काय म्हणते. इमारत कोणाच्या नावावर होणार? दुकानाच्या. दुकान कोणाचं? तुझं एकटीचं. म्हणजे आम्ही दोघांनी पैसे घालायचे आणि इमारत तुझी. सांग, यात काय चुकीचं बोलतोय मी?"

मधलीला खरं म्हणजे यात चुकीचं काही सापडलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"मी म्हटलं होतं ना, आधी हातातली मुदत गाठू, नंतर तिघांच्या नावाने करून घेऊ?"

"नंतर!" धाकटा हसला. ते हसू हुबेहूब वडिलांचं होतं. "बाबांना बँकेत नेलंस तेव्हा आम्हाला कधी सांगणार होतीस? नंतरच ना?"

"मी नाही नेलं. ते आले."

"हो, हो. चार पावलं चालवत नव्हती, ते बँकेत आले."

"रिक्षाने आले!" मधली ओरडली. "रिक्षाचे पैसेसुद्धा त्यांनी दिले. मला देऊ दिले नाहीत."

का कोण जाणे, हे सांगताना तिला रडू फुटलं. ते फोनवर ऐकू गेलं असणार, कारण धाकटा जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, पैसे मी दिलेत. बापाच्या दुकानाला दिलेत. ते दुकान खात्यावर परत आण, आत्ता जमा होतील. नसेल आणायचं तर परत येऊ देत माझ्याकडे. माझं काही अडलेलं नाही." आणि त्याने फोन ठेवला.

खालून रोलरचा घरघर आवाज येत होता. मधलीने थोरल्याकडे पाहिलं. सकाळपर्यंत तो तिच्या बाजूचा होता. इमारत वाचवायचीच, असं छातीठोकपणे त्यानेच घरमालकाला सांगितलं होतं.

"तो म्हणतो त्यात तथ्य आहे," थोरला म्हणाला. "आणि आत्ता हाच रस्ता उरलाय. तू अर्ज दे. तुझं नाव आपण घालू की करारात. नंतर, सावकाश. मी कुठे पळून चाललोय?"

"नंतर," मधली म्हणाली.

"आता तू शब्द धरून बसणार का? इकडे घड्याळ बघ!"

"खाली ज्या बायका इस्त्री करतात त्यांचा तरी विचार करा," वहिनी म्हणाली. तिला त्या बायकांपैकी एकीचंही नाव माहीत नव्हतं.

मधली आईकडे वळली. तिला अजून एक आशा होती, आणि ती काही भलतीसलती नव्हती. वडील बँकेतून परत आले त्या दिवशी आई दारातच उभी होती. ती धरून जिना चढवत असताना, बँकेत काय केलं ते त्यांनी तिला सांगितलं होतं. मधलीने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आई तेव्हा म्हणाली होती, बरं केलंत. तेवढंच आता आईने म्हणायचं होतं, थोरल्यासमोर, एकदा. मग वाटल्यास मधलीने अर्जही दिला असता.

"आई, तुला माहीत आहे ना? बाबा आपणहून गेले होते. तुला सांगितलं होतं त्यांनी."

आईने पाय फरशीवर नीट टेकवले. थोरल्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या बंद फोनकडे बघितलं, जणू धाकटा अजून त्यात होता.

"मला मेलीला काय आठवतंय?" आई म्हणाली. "लिहून टाक बाई. एक वेलांटी तर आहे."

*

बँकेत थोरला बरोबर आला, भागीदार म्हणून सही करायला. धाकट्याची जुनी सही दफ्तरात होतीच. पंख्याच्या बाईने अर्ज पुढे केला. मधलीने लिहिलं. अक्षर तिचं चांगलं होतं, लॉन्ड्रीच्या चिठ्ठ्या लिहून लिहून वळणदार झालेलं. खात्याचं नाव लिहिताना ती वेलांटीपाशी अडखळली नाही. मुलगे लिहायला तिला काहीच त्रास झाला नाही. लहानपणापासून ती तेच वाचत आली होती.

"इथे सही खातेदार म्हणून," बाई म्हणाली. "ही शेवटची. यानंतर तुमची सही या खात्यावर चालणार नाही." तिने अर्जावर बोट ठेवलं. "तुम्ही वाचलंत ना नीट?"

"वाचलं."

"पाच मिनिटांचं काम, उगाच एवढा बाऊ झाला," थोरला बाईला म्हणाला. बाईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अर्जावर शिक्का मारला.

नाव जुळलं. पैसे जमा झाले. घरमालकाच्या नावाचा धनादेश थोरल्याने तिथल्या तिथे लिहिला, दोन्ही बाजूंनी तपासून बघितला आणि खिशात घालताना बहिणीच्या खांद्यावर थोपटलं. "बाबांना बरं वाटलं असतं," तो म्हणाला. मधलीला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण ती बँक होती आणि लोक बघत होते.

संध्याकाळी वरच्या खोलीत सगळे जेवायला बसले. घरमालकाने पावती दिली होती. वहिनीचा आवाज गोड झाला होता आणि ती मधलीला दोनदा अजून घ्या म्हणाली. धाकट्याचा फोन येऊन गेला, आईशी बोलला, आई खूप हसली. थोरल्याने खालची वाढीव जागा भाड्याने द्यायचा विषय काढला आणि मग स्वतःच म्हणाला, बघू, घाई काय आहे, आपलंच आहे आता.

मधलीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. त्यात दोन किल्ल्या होत्या, शटरची एक आणि बॉयलरच्या खोलीची दुसरी, काळपट, वडिलांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. तिने त्या टेबलावर, थोरल्याच्या ताटाशेजारी ठेवल्या.

"हे काय?" थोरला म्हणाला.

"तुमच्या."

"अगं, राहू देत तुझ्याकडेच. मी काय करू?"

मधली जेवत राहिली. वहिनीने किल्ल्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. हॉटेलच्या चादरी उजाडता उजाडता द्यायच्या असत, हे निदान तिला माहीत होतं.

आईच्या ते उशिरा लक्षात आलं. तिने घास ताटात ठेवला. "म्हणजे? उद्या पहाटे बॉयलर कोण पेटवणार?"

"मुलगे," मधली म्हणाली, आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

खाली बॉयलर विझत आला होता, आणि थोड्या वेळाने आईने पाय फरशीवरून उचलून खुर्चीवर घेतले.